व्हेसुव्हियस, व्हाया पाथर्डी फाटा

नाशिकच्या इंदिरानगरात युरोप करून आलेला माणूस निदान महिनाभर तरी लपत नाही. जॉगिंग ट्रॅकवर तो इटलीत घेतलेली टोपी घालून येतो. भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी हातात धरून ‘तिकडे एवढ्याला चारशे पडतात’ असं सांगतो, आणि ते ऐकून भाजीवाला स्वतःच्या भावाचा फेरविचार करतो. संध्याकाळी बोगद्यापाशी वाहनं तुंबली की हा माणूस गाडीची काच खाली करतो आणि शेजारच्या रिक्षावाल्याला, ओळख ना पाळख, ऐकवतो, ‘‘तिकडे कोण्णी हॉर्न वाजवत नाही.’’ असं म्हणणारा नेपल्सला गेलेला नसतो, हे ओळखावं. नेपल्स पाहिलेला माणूस बोगद्यात गप्प बसतो. त्याला तिथे माहेरी आल्याची भावना झालेली असते.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका या गप्प बसणाऱ्यांपैकी. बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे हिशेब चोख आणि उत्साह मुदत ठेवीत ठेवलेला. तो त्यांनी यंदा एकदम मोडला आणि काकूंना घेऊन युरोप केलं. परत आल्यावर अख्ख्या बिल्डिंगला फोटो बघायला बोलावणं आलं. अशा बोलावण्याला नाही म्हणता येत नाही. उद्या आपण गेलो तर आपल्यालाही प्रेक्षक लागणार असतात. शिवाय काकूंनी मिसळ केली होती.

पॅरिस रस्सा गरम असतानाच उरकलं. स्वित्झर्लंड पावाबरोबर गेलं. मग काका उठून टीव्हीशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘आता खरं बघा. एका दिवसात ज्वालामुखी आणि रोमन शहर. सकाळी व्हेसुव्हियस, दुपारी पॉम्पेई, रात्री हॉटेलात पिठलं-भात.’’

पडद्यावर एक खड्डा आला. मोठा, गोल, करडा, भुसभुशीत कडांचा. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. खड्डा होता तसाच होता.

‘‘लाव्हा?’’ दुसऱ्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलाने विचारलं.

‘‘आता नाही. शेवटचा उद्रेक १९४४ च्या मार्चमध्ये.’’

‘‘धूर तरी?’’

‘‘धूर असतो थोडा. फोटोत येत नाही.’’

तळमजल्यावरचे भाऊ बांधकामाच्या धंद्यातले. ते पुढे सरसावून बारकाईने बघत म्हणाले, ‘‘मुरूम चांगला दिसतोय.’’

काकांनी दुर्लक्ष केलं. बस हजार मीटर उंचीपर्यंत जाते, पुढे घसरड्या खडीतून पायी चढायचं, असं त्यांनी सांगितलं. काकूंचे गुडघे खालीच बसायला तयार होते, पण पैसे भरलेले होते. ‘पैसे भरलेत’ एवढं म्हटलं की मराठी माणूस जगातला कुठलाही डोंगर चढतो. काकू चढल्या. शिखराची उंची १२८१ मीटर, हे काकांनी छाती पुढे काढून सांगितलं, आणि तिथे मला राहवलं नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेर १५६७ मीटर आहे. हद्दीवरचं कळसूबाई १६४६. दोन्ही लाव्हाचेच. कळसूबाईला तर शिड्या आहेत आणि वर देवीचं दर्शनही होतं. व्हेसुव्हियसवर दर्शन कसलं, तर खड्ड्याचं.

‘‘आपल्याकडे कुठला आलाय ज्वालामुखी?’’ काका म्हणाले.

आता हा प्रश्न काका जिथे उभे राहून विचारत होते ती जागा बघा. पायाखाली फरशी. फरशीखाली स्लॅब. स्लॅबमध्ये खडी, ती कुठल्यातरी क्रशरवर फुटलेल्या काळ्या पाषाणाची, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाची. बिल्डिंगचा पाया त्याच पाषाणात. सोसायटीने बोअर घेतली तेव्हा पाणी लागेपर्यंत मशीनने जे भरडलं तेही तेच. काकूंचा पाटा-वरवंटा, ज्यावर त्या दिवशीच्या मिसळीचं वाटण झालं होतं, तोही लाव्हा. माणूस लाव्हाच्या ढिगावर जन्मला, त्याच्यावर वाटलेलं खाऊन मोठा झाला, त्याचंच घर कर्ज काढून बांधलं, आणि लाव्हा बघायला लाखो रुपये भरून इटलीला गेला.

आपल्या ज्वालामुखीला टोक नाही, ही त्याची खरी अडचण. शाळेच्या चित्रकलेत ज्वालामुखी काढा म्हटलं की पोरं त्रिकोण काढतात आणि वर लाल रंग फासतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्याकडे झालं ते त्रिकोणात बसणारं नव्हतं. जमीन फाटून लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला. एक थर थंड होतोय तोवर त्यावर दुसरा, मग तिसरा. सह्याद्रीच्या बाजूला काही ठिकाणी ही चळत दीड-दोन किलोमीटर जाडीची झाली. एक-दोन प्रवाह तर पार आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत गेले. आजही हा काळा पाषाण सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सगळा इटली देश मिळून भरतो ३ लाख चौरस किलोमीटर. म्हणजे व्हेसुव्हियस, पॉम्पेई, रोम, पोप आणि मिलानची फॅशन हे सगळं उचलून आपल्या लाव्हावर ठेवलं, तरी नागपूरच्या बाजूला प्लॉटिंगला जागा उरते.

बरं, या लाव्हाचं चारित्र्यही साधं नाही. डायनोसॉर नाहीसे झाले त्याच सुमारास हा सगळा गोंधळ चालू होता. त्या प्रकरणात मेक्सिकोत कोसळलेला अशनी हा मुख्य आरोपी, पण दख्खनच्या ज्वालामुखीला शास्त्रज्ञांनी अजून निर्दोष सोडलेलं नाही. त्यांचा वाद चालूच आहे. व्हेसुव्हियसच्या नावावर दोन-चार गावं आहेत. आपल्यावर अख्ख्या प्राणिजातीचा संशय आहे, आणि आपण त्याची पाटीसुद्धा लावलेली नाही. याच पाषाणाच्या पोटातल्या पोकळ्यांत जे झिओलाइटचे स्फटिक वाढले, त्यांचं ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालय सिन्नरला आहे. ते बघायला परदेशातून माणसं येतात. आपण शिर्डीला जाताना गाडीतून ‘इथे एकदा आलं पाहिजे’ म्हणतो.

हे सगळं मी बोललो नाही. बायकोने डोळ्यांनी बजावलं होतं. मिसळ दुसऱ्याची असताना भूगोल आपला काढू नये.

पॉम्पेईचे फोटो मात्र सगळ्यांना आवडले, आणि त्याचं कारण इतिहास नव्हे. ते शहर आम्हाला ओळखीचं वाटलं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला, शहर राखेखाली गाडलं गेलं, आणि १७४८ मध्ये खोदकाम सुरू झाल्यावर हळूहळू जसंच्या तसं बाहेर यायला लागलं. त्यात बाहेर आलं काय? रस्त्याच्या मधोमध मोठाले उंचवटे. सांडपाण्यात पाय न बुडवता रस्ता ओलांडण्यासाठी रोमन लोकांनी ते दगड बसवले होते. आपण पावसाळ्यात विटा टाकतो. एका घराच्या उंबऱ्याशी फरशीत साखळीला बांधलेला काळा कुत्रा जडवलेला आणि खाली ‘कुत्र्यापासून सावध’ अशी सूचना. आमच्या गल्लीत सात बंगल्यांवर ती पाटी आहे. कुत्रे दोनच आहेत. भट्टीत राहून गेलेले ८१ पाव, कोळसा झालेले, पण आठ-आठ फाकांच्या खुणा शाबूत. काकूंनी त्या फोटोवर जरा जास्त वेळ काढला आणि ‘‘करपायच्या आत काढायला हवे होते,’’ म्हणून सुस्कारा सोडला.

सगळ्यात जास्त हशा पिकला तो भिंतींवर रंगवलेल्या निवडणुकीच्या जाहिरातींना. रस्ते, बाजार, सार्वजनिक इमारती यांची देखभाल बघणारा अधिकारी तिथे दरवर्षी निवडून दिला जायचा, म्हणजे आपला नगरसेवकच म्हणा, आणि त्याच्यासाठी लोक पाठिंब्याचे मजकूर भिंतीवर रंगवायचे. वाटिया नावाच्या एका उमेदवाराला पाठिंबा कुणाचा, तर ‘रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्या सर्वांचा’. दुसऱ्या भिंतीवर त्यालाच ‘समस्त झोपाळूंचा’. आणखी एका ठिकाणी भुरट्या चोरांचा. हे विरोधकांनी खोडसाळपणे रंगवलं असावं असं अभ्यासक मानतात. भाऊंना ते पटलं नाही. ते महापालिकेच्या निवडणुकीत प्रचाराला फिरलेले आहेत. ‘‘खोडसाळपणा कशाला?’’ ते म्हणाले, ‘‘तीनही गट मतदानाला हमखास उतरतात.’’

पुढे काकांनी थोरल्या प्लिनीची गोष्ट सांगितली. गाईडने सांगितलेलीच, पण काकांनी ती मनापासून सांगितली. हा प्लिनी रोमन आरमाराचा अधिकारी आणि जगातली सगळी माहिती एका ग्रंथात कोंबणारा विद्वान. व्हेसुव्हियस फुटला तेव्हा तो खाडीपलीकडे होता. धूर बघून त्याने जहाज काढलं आणि सतरा वर्षांच्या भाच्याला विचारलं, ‘येतोस?’ भाचा म्हणाला, ‘मला अभ्यास आहे.’ मामा किनाऱ्यावर गेला आणि मेला. भाचा घरी बसून अभ्यास करत राहिला, वाचला, पुढे मोठा झाला आणि त्याने इतिहासकार टॅसिटसला पत्रं लिहून हा सगळा वृत्तान्त कळवला. नववीतल्या मुलाच्या आईने ही गोष्ट दोनदा सांगायला लावली. इंदिरानगरातल्या क्लासवाल्यांनी ती अजून फ्लेक्सवर कशी टाकली नाही, याचं मला नवल वाटतं. अभ्यासाने जीव वाचल्याचा एवढा पक्का पुरावा दुसरा नाही.

पण या मामाबद्दल जे गाईडने सांगितलं नाही ते आपल्या कामाचं आहे. प्लिनीने त्याच ग्रंथात एक तक्रार नोंदवून ठेवली आहे: हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्यातले किमान ५ कोटी सेस्टर्स गिळतो, आणि बदल्यात जो माल पाठवतो तो इथे शंभरपट भावाने विकला जातो. मिरी, मलमल, मोती, हस्तिदंत, अकीक. रोमन बायकांची हौस आणि रोमन सोन्याचा ओघ, दोन्ही पूर्वेकडे. रोममधल्या कुणा काकांनी संध्याकाळी कट्ट्यावर बसून ही तक्रार वाचून दाखवली असणार, आणि कुणीतरी म्हटलं असणार, हल्ली सगळा पैसा परदेशात चाललाय.

तो पैसा यायचा कुठे? त्या काळातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं बंदरांचं आणि मालाचं एक पुस्तक आजही उपलब्ध आहे. ‘पेरिप्लस’ म्हणतात त्याला. त्यात भडोच आहे, कल्याण आहे, आणि आतल्या भागातली पैठण आणि तेर ही दोन मोठी बाजारगावं आहेत. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जातं, असं तो लिहितो. रस्ता नसल्याची नोंद वाचून भाऊ गहिवरले. भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत त्याने दारू पहिली लिहिली आहे, आणि त्यातही आधी पसंती इटालियनला. आज द्राक्षबागा आपल्याकडे आहेत, वाइनची राजधानी म्हणून नाशिक मिरवतं, आणि काका इटलीतून येताना एक बाटली आणतात. दोन हजार वर्षांत आवड बदललेली नाही, एवढंच म्हणायचं.

हे येणं-जाणं नुसतं पुस्तकात नाही. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात जमिनीतून काशाचा समुद्रदेव निघाला. पोसायडन. समुद्रापासून एवढ्या आत, पंचगंगेच्या काठी तो काय करत होता, हे त्यालाच ठाऊक. टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे, जाऊन बघा. आणि याच्या उलट, १९३८ मध्ये पॉम्पेईच्या हमरस्त्यावरच्या एका घरात हस्तिदंताची वीतभर उंचीची एक बाई सापडली. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. ती पूर्ण भारतीय आहे. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, कुणी यक्षी म्हणतात. तिच्या बहिणी शोभतील अशा हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत, त्यामुळे तिचं माहेर इकडचंच असावं असं बरेच अभ्यासक मानतात. भोकरदनची मुलगी, इटलीत दिलेली, सासर राखेखाली गेलं. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात असते, आणि तीही त्यांच्या ‘गुप्त दालनात’, प्रौढांसाठीच्या वस्तूंमध्ये. कारण अंगावर दागिने भरपूर आणि बाकी काही नाही.

हे मात्र मी बोललो. मिसळ संपली होती.

काका एकदम गंभीर झाले. ‘‘नेपल्सचं म्युझियम पॅकेजमध्ये नव्हतं,’’ ते हळूच म्हणाले. पॅकेजमध्ये त्याऐवजी चामड्याच्या पर्सेसचं दुकान होतं. आपल्याकडची मुलगी तिकडे असून आपण न भेटता आलो, हे काकूंना फार लागलं. दालन कुठलं हे कळल्यावर काका मात्र म्हणाले की बरंच झालं.

त्या संध्याकाळचा शेवट असा झाला की पुढच्या रविवारी सोसायटीची एक सहल काढायची ठरली. एका दिवसात ज्वालामुखी आणि रोमन काळ. इंदिरानगर ते पाथर्डी फाटा ते पांडवलेणी. टूर मॅनेजर अर्थात काका. त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला, कार्यक्रमपत्रिका टाकली, आणि रथचक्र चौकात सकाळी साडेसहाला जमण्याचं फर्मान सोडलं. सव्वासातला निघालो. काकांनी इटलीतल्या गाईडची रीत उचलून छत्री उंच धरली होती आणि तिच्या टोकाला रुमाल बांधला होता. पाथर्डी फाट्यावर दोन रिक्षावाल्यांनी हा कुठल्या पक्षाचा मोर्चा म्हणून चौकशी केली.

पायथ्याशी फाळके स्मारक. तिथेच अर्धी मंडळी ‘आम्ही इथे थांबतो’ म्हणाली. व्हेसुव्हियस चढलेल्या काकूसुद्धा पायऱ्यांकडे बघून म्हणाल्या, ‘‘तुम्ही जाऊन या.’’ यामागे अर्थशास्त्र आहे. लेण्यांचं तिकीट इटलीतल्या पाण्याच्या बाटलीहून स्वस्त. एवढ्याशा पैशांत गुडघे कुणी पणाला लावत नाही. पुरातत्त्व खात्याने तिकीट पंचवीस युरो केलं तर इंदिरानगरातलं एक घर मागे राहणार नाही. काकांनी शेवटी काकूंना, ‘‘अगं, वरून आपली गच्ची दिसते,’’ असं सांगून चढवलं.

पायऱ्यांवर सकाळची नेहमीची गर्दी होती. व्यायामाला येणारी. ही माणसं रोज वर येतात, घड्याळात पावलं बघतात, हात वर करून दोनदा श्वास सोडतात आणि खाली जातात. त्यांच्यापैकी किती जणांनी लेण्यात पाऊल टाकलंय, हे विचारायची सोय नाही, कारण कानात गाणी असतात. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. लेणी चोवीस, बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली, सर्वांत जुनं लेणं सातवाहन राजा कृष्णाच्या काळातलं, इसवी सनापूर्वीचं. म्हणजे पॉम्पेईत पाव भाजले जात होते तेव्हा इथे छिन्नी-हातोडा चालू होता. लाव्हाचे थर आडवे आणि घट्ट, म्हणून असं सलग कोरता आलं. तिकडच्या ज्वालामुखीने शहर गाडलं, इकडच्याने भिक्षूंना घर दिलं, तेही भाडं न घेता.

पांडवांचा याच्याशी काही संबंध नाही. पण तीन नंबरच्या लेण्याच्या दर्शनी भागात पाषाणाचे धिप्पाड यक्ष खांद्यावर तुळया घेऊन कमरेपर्यंत जमिनीतून वर आलेले दिसतात, आणि प्रत्येक कुटुंबातली एक तरी मावशी मुलांना ‘हे बघ पांडव’ म्हणून मोजायला लावते. मोजणी सहावर थांबते. आमच्यासमोरच एका मावशींची अशी पंचाईत झाली. क्षणभर त्या गोंधळल्या, मग ठामपणे म्हणाल्या, ‘‘सहावा कर्ण.’’

याच लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. मुलाच्या, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या, कर्तृत्वाचं वर्णन आईने कोरवून घेतलं आहे. त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं, त्याने शक, यवन, पल्हवांचा नाश केला, दिसायला पौर्णिमेच्या चंद्राप्रमाणे, चाल हत्तीची, आणि आईची अखंड सेवा करणारा. वधू-वर सूचक मंडळात दाखल झालेला इतका भरगच्च परिचय मी पाहिलेला नाही. काकूंना समुद्र, शक, पल्हव यांत रस नव्हता. ‘‘आईची अखंड सेवा’’ ऐकल्यावर त्यांनी पर्समधून फोन काढला आणि पुण्यातल्या मुलाला लावला. त्याने उचलला नाही.

खरा प्रसंग घडला दहा नंबरला. हे लेणं क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचं. या जावयाने भिक्षूंच्या खर्चाची जी तजवीज केली तिचा तपशील भिंतीवर आहे. ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. त्यांतले २००० एका श्रेणीकडे, शेकडा एक टक्का महिना व्याजाने, आणि १००० दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल कधीच काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० च्या व्याजातून वीस भिक्षूंना दरसाल बारा-बारा कार्षापण कापडासाठी.

काकांनी छत्री खाली ठेवली. बोटांवर हिशेब केला. ‘‘दोन हजारांवर बारा टक्के म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस,’’ ते पुटपुटले. ‘‘बरोब्बर जुळतंय!’’ आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीचा ताळेबंद एका फटक्यात जुळलेला दिसला की काय होतं, ते मी तिथे पाहिलं. व्हेसुव्हियसच्या खड्ड्यासमोरच्या फोटोत काकांच्या चेहऱ्यावर इतका आनंद नव्हता. ‘‘बारा टक्के!’’ ते प्रत्येकाला धरून सांगू लागले. ‘‘आणि आपल्याला ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धा टक्का जास्त देतात त्याची जाहिरात करतात!’’ व्यायामाला आलेल्या एका गृहस्थांनी कानातलं काढून ‘‘कुठली बँक?’’ असं विचारलं.

भाऊंना दुसरा लेख सापडला. उषवदाताने एका ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना शेत विकत घेतलं, नगराच्या वायव्य शिवेवर, विकणाऱ्याच्या वडिलांचं. भाऊंनी व्यवहार लगेच तपासायला घेतला. ‘‘वडिलोपार्जित. म्हणजे बाकीच्या वारसांच्या सह्या?’’ त्यावर मी त्यांना ठेवीच्या लेखातली पुढची ओळ सांगितली: हे सगळं निगमसभेत जाहीर करून, रीतीप्रमाणे फळ्यावर नोंदवलं आहे. दस्त नोंदणी झालेली, तीही दगडावर. भाऊंनी मान डोलावली. ‘‘सर्च रिपोर्टला दोन हजार वर्षं मागे जाता येतं,’’ ते म्हणाले, आणि लेण्याचा एक फोटो वकिलाला पाठवून दिला.

जाता जाता एक सांगितलं पाहिजे. याच नहपानाची चांदीची १३ हजारांहून जास्त नाणी १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी इथे सापडली. नाण्यावर राजाचा चेहरा आणि भोवती चक्क ग्रीक अक्षरं, थोडी बिघडलेली. गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला आणि त्याच नाण्यांवर स्वतःचे छाप मारून ती पुन्हा चालू केली. सापडलेल्यांपैकी ९ हजारांवर नाणी अशी दोनदा छापलेली आहेत. राजवट बदलली, चलन बदललं, आणि कुणालाही बँकेसमोर रांगेत उभं राहावं लागलं नाही. काकांनी हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. २०१६ मध्ये ते काउंटरवर होते.

‘‘आणि रोमन?’’ नववीतला मुलगा म्हणाला. त्याला आश्वासन दिलेलं होतं. त्याला सतरा नंबरला नेलं. हे लेणं खोदवणारा इंद्राग्निदत्त, धम्मदेवाचा मुलगा, दत्तामित्रीचा, उत्तरेकडचा, आणि जातीने योनक, म्हणजे यवन. आई-वडिलांच्या पुण्यासाठी, मुलालाही सोबत घेऊन त्याने हे करवलं. रोमन नव्हे, पण ग्रीकांकडे नातं सांगणारा. नाव संस्कृत, धर्म बौद्ध, मूळ ग्रीक, पत्ता नाशिक. मुलाने लेण्याचा फोटो काढून वर ‘रोमन, जवळपास’ असं लिहून स्टेटस ठेवलं. मला ते वर्णन चोख वाटलं.

खाली उतरल्यावर फाट्यावर चहा झाला. काकांनी टूर मॅनेजर या नात्याने अभिप्राय मागवले. व्हेसुव्हियसला वाहनतळ बरा, पॉम्पेईत पाट्या बऱ्या, पांडवलेण्यात व्याजदर बरा, असा एकूण निकाल लागला. काकूंचं मत वेगळं होतं. गच्ची दिसली नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

इटलीला जाणाऱ्यांनी जरूर जावं. प्लिनीचे ५ कोटी सेस्टर्स आपण पॅकेज टूरच्या हप्त्यांनी परत करतोच आहोत, त्यात खंड पडू नये. फक्त नेपल्सचं संग्रहालय पॅकेजमध्ये आहे का, ते आधी विचारा, आणि भोकरदनच्या बाईला भेटून या. त्याआधीच्या एखाद्या रविवारी, ऊन चढायच्या आत, पाणी घरून घेऊन पांडवलेणी चढा. कानातलं काढून ठेवा. दहा नंबरच्या लेण्यात अक्षरं बारीक आहेत आणि उजेड कमी. चष्मा आणि मोबाइलची बॅटरी, दोन्ही न्या.